प्रतिमा, संत आणि शब्बाथ : ख्रिस्ती मतभेदांचे मराठी रूप

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उरवाही दरवाज्याच्या बाजूने चढून जाणाऱ्यास कातळात कोरलेल्या भव्य जैन प्रतिमांचे दर्शन घडते. पंधराव्या शतकात तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा पुत्र कीर्तिसिंह यांच्या कारकीर्दीत त्या घडविल्या गेल्या. 1528 मध्ये बाबर ग्वाल्हेर पाहावयास आला. या प्रतिमा नष्ट करण्याची आज्ञा आपण दिली, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नोंदवून ठेवले आहे. प्रतिमांची मुखे छिन्नविच्छिन्न झाली. पुढे जैन भाविकांनी त्यांपैकी काही चुन्याने पुन्हा सांधली.

हा इतिहास ग्वाल्हेरकरांस नवा नाही. मात्र त्याच दशकात युरोपात काय चालले होते, याची आठवण सहसा होत नाही. 1524 मध्ये झुरिच शहरातील चर्चमधून चित्रे व पुतळे नगरसभेच्या आज्ञेने हलविण्यात आले. 1529 मध्ये बाझेल येथे जमावाने तेच काम हातोड्यांनी केले. ज्यांचे भंजन झाले त्या प्रतिमा ख्रिस्ताच्या, मरियेच्या आणि संतांच्या होत्या. आणि भंजन करणारेही ख्रिस्तीच होते. तात्पर्य, मूर्तिभंजन ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. एकाच धर्मग्रंथापुढे मस्तक नमविणारे लोकही एकमेकांस मूर्तिपूजक म्हणू शकतात.

या मतभेदाचा उगम शोधू गेल्यास तो दहा आज्ञांच्या मोजणीतही दिसतो. मोशेला मिळालेल्या आज्ञा दहा, याविषयी वाद नाही. त्या मोजाव्यात कशा, याविषयी आहे. कोरीव मूर्ती करू नये, हे वचन कॅथॉलिक परंपरेत पहिल्याच आज्ञेचा भाग मानले जाते. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ तिला स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात. परिणामी विश्रामवार पवित्र पाळण्याची आज्ञा कॅथॉलिक मुलाच्या धर्मपाठात तिसरी ठरते आणि प्रॉटेस्टंट मुलाच्या धर्मपाठात चौथी. दहाची बेरीज राहावी म्हणून कॅथॉलिक शेवटच्या लोभविषयक आज्ञेचे दोन भाग करतात. पाठ करणाऱ्या मुलास हा केवळ क्रमांकाचा फरक वाटेल. परंतु त्याच क्रमांकापायी शहरे पेटली, हे विसरता येत नाही.

कॅथॉलिक पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे. 787 मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने निर्णय दिला, की प्रतिमेस दिलेला मान प्रतिमेत अडकून राहत नाही. ती ज्याची असते त्याच्यापर्यंत तो पोचतो. उपासना केवळ परमेश्वराची. संतांस व त्यांच्या प्रतिमांस केवळ आदर. पहिलीस ग्रीक भाषेत लात्रिया म्हणतात, दुसऱ्यास दुलिया. 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने हाच भेद पुन्हा दृढ केला. प्रॉटेस्टंट पक्षाचे उत्तर असे, की हा भेद पंडितांच्या ग्रंथात टिकेल, गुडघे टेकणाऱ्या सामान्य भाविकाच्या मनात टिकणार नाही. शिवाय देव आणि मानव यांच्यामधला मध्यस्थ एकच, तो ख्रिस्त. अर्थात सारे प्रॉटेस्टंटही एकमताचे नव्हते. 1522 मध्ये विटेनबर्ग येथे प्रतिमा फोडणाऱ्यांस खुद्द ल्यूथरने येऊन आवरले. प्रतिमा मनातून गेली नाही तर भिंतीवरून काढून काय उपयोग, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

सगुण आणि निर्गुण यांचा विचार ज्या भाषेत शतकानुशतके झाला, तिच्या वाचकास हा वाद अनोळखी वाटू नये. पाषाण हा देव नव्हे, हे संतांनी सांगितले आणि विटेवरच्या मूर्तीच्या पायांवर मस्तकही त्यांनीच ठेवले. म्हणूनच हा वाद मराठीत आला तेव्हा त्याला शब्दांची उणीव पडली नाही. मात्र तो आला तो रक्ताच्या वाटेने, हेही सांगितले पाहिजे.

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याचा जन्म 1549 मधला, इंग्लंडमधला. त्याच्या जन्माच्या आदल्या वर्षी त्या देशातील चर्चमधून सर्व प्रतिमा काढून टाकण्याचा आदेश निघाला होता. मेरी राणीच्या काळात त्या परत आल्या आणि 1559 मध्ये, एलिझाबेथ गादीवर आल्यावर, पुन्हा काढल्या गेल्या. तेव्हा स्टीफन्स दहा वर्षांचा होता. कॅथॉलिक मताच्या या तरुणाने स्वदेश सोडला, 1575 मध्ये रोम येथे जेझुइट संघात प्रवेश केला आणि 1579 मध्ये तो गोव्यास पोचला.

ज्याच्या मायदेशी त्याच्या पंथाच्या मूर्ती फोडल्या गेल्या होत्या, तो अशा भूमीत उतरला की जिथे त्याच्याच पंथाच्या राज्यकर्त्यांनी दुसऱ्यांची देवळे पाडली होती. 1560 च्या दशकात गोव्याच्या साष्टी आणि बारदेश महालांत देवळांचा मोठा विध्वंस झाला. कुशस्थळीचा मंगेश भाविकांनी नदीपलीकडे प्रियोळास नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. महादजी शिंदे यांच्या पदरी पराक्रम गाजविणारे जिवबादादा बक्षी आणि लखबादादा लाड हे शेणवी सरदार ज्या समाजातले, त्या समाजाच्या कुलदैवतांची ही कथा आहे. जुलै 1583 मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे, देवळे पाडल्याने संतापलेल्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांस ठार केले. त्यानंतर गावातील प्रमुखांस बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची कत्तल केली. स्टीफन्सची पुढील सेवा याच साष्टीत झाली.

1616 मध्ये रायतूर येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यात स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द सहजपणे येतो. जे लोक आपल्या पुराणांस मुकले होते, त्यांच्या हाती पुराणाच्याच घाटाचा नवा ग्रंथ देण्यात आला. देऊळ पाडता आले, परंतु ओवी पाडता आली नाही. नव्या धर्मालाही तिच्याच आश्रयास यावे लागले. ग्रंथाच्या सौंदर्याने विध्वंसाचे पाप फिटत नाही आणि विध्वंसाच्या पापाने ग्रंथाचे सौंदर्य उणे होत नाही. दोन्ही सत्ये एकत्र सांगण्याचे धैर्य वाचकापाशी असावे.

संतांच्या प्रश्नाकडे वळताना असे दिसते, की ख्रिस्तामागोमाग संतांनीही ओवीत प्रवेश केला. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरवर प्रचंड मराठी पुराण रचले. ते 1629 पासून छापले जाऊ लागले. 1655 मध्ये अंतोनियु द साल्दान्य याने पादुआच्या संत अंतोनीची जीवित्वकथा प्रसिद्ध केली. म्हणजे अवघ्या चाळीस वर्षांत ख्रिस्त, पीटर आणि अंतोनी या क्रमाने ही परंपरा उभी राहिली. वसईच्या भूमीने तर स्वतःचा संत दिला. तेथे जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यास 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकी येथे क्रुसावर मृत्यू आला आणि 1862 मध्ये रोमने त्यास संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथॉलिक संत होय.

याउलट 1813 मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी जी मराठी घडविली, तिच्यात संतांच्या मध्यस्थीस जागा नव्हती. 1842 मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’च्या वाचकास मूर्तिपूजेचे खंडन नित्याचेच होते. शब्दांचा भेद येथे फार बोलका आहे. कॅथॉलिक मराठीत ‘संत पौल’, तर प्रॉटेस्टंट मराठीत ‘प्रेषित पौल’. प्रॉटेस्टंट बायबलात ‘पवित्र जन’ म्हणजे ख्रिस्ताचे सारेच अनुयायी. नवस फेडण्याजोगी एखादी निवडक व्यक्ती नव्हे. तरीही रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, ते तुकोबांचे बोट धरूनच. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते मानीत. ज्या पंथाने संतांची विनवणी नाकारली, त्याच पंथाच्या मराठी कवीला वाट दाखविली ती एका संतानेच.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथाची दीक्षा घेतली. त्या पंथाच्या भगिनींशी त्यांचे अनेक मतभेद झाले. त्यांपैकी एक गळ्यातील क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयी होता. क्रुसावर अक्षरे हवीतच, तर ती लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. वाद मूर्तीचा नव्हता, चिन्हाचा होता. आणि चिन्ह ज्या भाषेत बोलते, तिच्या स्वत्वाचा होता. पुढे केडगावी राहून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

पंडितांचे वाद असे चालू असता लोकमानसाने आपली वाट वेगळीच काढली. वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेस कोळी बांधव ‘मोत मावली’ म्हणतात. वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत ती मूर्ती माहीमला हलविण्यात आली आणि 1761 मध्ये परत आणली गेली, अशी परंपरा आहे. सध्याची वास्तू 1904 मधली. सप्टेंबरातील जत्रेस सर्व धर्मांचे लोक जातात. ज्या अवयवाचे दुखणे असेल त्याच्या आकाराची मेणाची प्रतिकृती वाहतात. प्रॉटेस्टंट उपदेशकास येथे मूर्तिपूजा दिसेल, कॅथॉलिक धर्मगुरू लात्रिया व दुलिया यांचा भेद समजावून सांगेल, आणि आजारी मुलास कडेवर घेतलेली कोळीण दोघांचेही ऐकून घेऊन मेणबत्ती लावील.

तिसरा प्रश्न शब्बाथाचा. कोकणातील बेने इस्रायल समाज तेल गाळण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ हा शब्द महाराष्ट्राच्या कानी पडण्यापूर्वी शब्बाथ पाळणारे लोक असे त्याच्या शेजारी नांदत होते. ख्रिस्ती समाजाने मात्र पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार धरला आणि 321 मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने त्या दिवशी विश्रांतीचा हुकूम काढला. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोक तो दिवस अतिशय कडकपणे पाळीत. पुढे 1863 मध्ये अमेरिकेत संघटित झालेल्या सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाने प्रश्न केला, की रविवार पाळा असे बायबल कोठे सांगते? पुण्याच्या स्पायसर संस्थेमुळे शनिवार पाळणारा हा पंथ महाराष्ट्रासही परिचित झाला. कॅथॉलिकांचे उत्तर तयार होते : रविवार चर्चच्या परंपरेने ठरविला. केवळ ग्रंथच प्रमाण मानणाऱ्या इतर प्रॉटेस्टंटांची मात्र कोंडी झाली. प्रतिमांविषयी परंपरा नाकारणारे रविवारी तिच्याच आश्रयाने विश्रांती घेतात, असे त्यांस दोन्हीकडून ऐकावे लागले. ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ हे वचन आपल्याकडचेच. परंतु त्याचा प्रत्यय येथेही यावा, हे विशेष.

आणि रविवारचे मराठी भाग्य तर निराळेच. मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्याची सुटी मिळावी म्हणून सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला; 1884 च्या मागण्यांत ती होती आणि 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचे एक कारण सांगितले जाते. पंथापंथांत ज्या दिवसाविषयी तंटा, तो मराठी श्रमिकाने खंडोबाच्या नावे मागून घेतला. शब्बाथाच्या मूळ आज्ञेत दास, दासी आणि गुरेढोरे यांनाही विश्रांती सांगितली आहे. कोणता वार, यावर भांडणाऱ्यांपेक्षा लोखंडेच त्या आज्ञेच्या गाभ्याच्या अधिक जवळ पोचले, असे म्हणावयास हरकत नाही.

या सर्व वादांतून एक गोष्ट स्पष्ट होते. दुसऱ्याच्या भक्तीस मूर्तिपूजा म्हणणे सोपे असते, कारण दुसऱ्याच्या हातातले आपल्याला दिसते आणि अंतःकरणातले दिसत नाही. मतभेद खोटे नाहीत. ज्यांनी ते मांडले त्यांनी त्यांसाठी देश सोडले, घरे सोडली. ते पुसून टाकण्याचे कारण नाही. परंतु ज्याची मूर्ती फुटली त्याचे दुःख सर्वत्र सारखेच असते. मंगेशाची स्थापना पुन्हा प्रियोळास करणारे, मोत मावलीला माहीमहून परत आणणारे आणि उरवाहीच्या प्रतिमांची मुखे चुन्याने सांधणारे यांची शास्त्रे निरनिराळी असतील; हात एकाच जातीचे आहेत.

ग्रंथालयाचे कार्यही याहून वेगळे नाही. ख्रिस्तपुराण आणि तुकोबांची गाथा एकाच कपाटात, एकमेकांस खेटून उभी राहू शकतात. शंभर वर्षे ज्यांनी ही कपाटे उघडी ठेवली आणि जीर्ण पुस्तकांच्या बांधण्या पुनःपुन्हा नीट केल्या, ते जोडणाऱ्यांच्या परंपरेतले आहेत. ही परंपरा पुढील शतकातही अखंड राहो.