आत्महत्या की आत्माहुती?



भाषेच्या शिक्षकाने शब्दापासून आरंभ करावा, हे उचित. स्वेच्छेने पत्करलेल्या मरणाला मराठीत आत्महत्या, आत्मदहन, प्रायोपवेशन, आत्माहुती असे अनेक शब्द आहेत आणि त्यांतील बहुतेकांत एकेक निवाडा दडलेला आहे. आपल्या गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ साली सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. त्यामागे कोणतीही राजकीय मागणी नव्हती. त्याला आपण निःशंकपणे प्रायोपवेशन म्हणतो. परंतु ११ जून १९६३ रोजी साइगॉनच्या भर चौकात पद्मासन घालून अग्नीच्या स्वाधीन झालेल्या वृद्ध भिक्षू थिच क्वांग डुक यांच्या मरणाला कोणता शब्द योजावा?

प्रसंगाची पार्श्वभूमी अशी. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम हे कॅथलिक, तर प्रजा बहुसंख्येने बौद्ध परंपरेतली. ८ मे १९६३ रोजी, बुद्धजयंतीच्या दिवशी, ह्युए नगरात बौद्ध ध्वज लावण्यास बंदी झाली. त्याच नगरात काही दिवसांपूर्वी ख्रिस्ती समारंभात धर्मध्वज फडकले होते. निषेधासाठी जमलेल्यांपैकी आठ-नऊ निःशस्त्र माणसे मारली गेली. शासनाने दोष कम्युनिस्टांवर ढकलला. त्यानंतर बौद्धांनी धर्मसमानतेच्या पाच मागण्या पुढे केल्या.

आता शास्त्राकडे वळू. विनयपिटकातील तिसरी पाराजिका सांगते की, मनुष्यवध करणारा भिक्षू संघाला मुकतो; इतकेच नव्हे, तर मरणाची स्तुती करून दुसऱ्यास त्याकडे प्रवृत्त करणाराही मुकतो. उलट, महायान परंपरेला पूज्य असलेल्या सद्धर्मपुंडरीकसूत्रात भैषज्यराज बोधिसत्त्वाने पूर्वजन्मी स्वदेह जाळून केलेल्या पूजेची कथा गौरवाने येते. म्हणजे धर्मपरंपरेतच दोन स्वर आहेत. थिच न्हात हान्ह यांनी १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांना लिहिलेल्या पत्रात, ही आत्महत्या नव्हे, हा लोकांना जागे करण्याचा यत्न होय, असे प्रतिपादन केले.

क्वांग डुक यांच्या अखेरच्या पत्रात शापवाणी नाही. राष्ट्राध्यक्षांनी प्रजेवर करुणा ठेवावी आणि सर्व धर्मांना समान लेखावे, अशी विनंती त्यात आहे. ज्याच्याविरुद्ध लढायचे, त्याच्याच सद्बुद्धीला केलेले हे आवाहन होय. म्हणून मी त्यांच्यापुरता ‘आत्माहुती’ हाच शब्द योजीन.

मात्र फलश्रुती सोपी नाही. १६ जूनला शासनाने समझोता केला. २१ ऑगस्टला त्याच शासनाच्या सैनिकांनी विहारांवर धाडी घातल्या. नोव्हेंबरच्या आरंभी लष्कराने सत्ता उलथवली आणि दिएम मारले गेले. करुणेची याचना ज्याच्यापाशी केली, त्याचा शेवटही हत्येतच झाला. युद्ध १९७५पर्यंत चालले. १९६३ सालीच आणखी काही भिक्षूंनी हाच मार्ग धरला; १९६७ साली तरुण न्हात ची माई हिनेही शांततेसाठी देह जाळला. एका मरणाचा गौरव दुसऱ्या मरणाला वाट दाखवतो, ही विनयाने ओळखलेली भीती खरी ठरली.

विद्यार्थिमित्रहो, म्हणूनच आत्माहुती हा शब्द उच्चारताना आपल्यावर मोठी जबाबदारी येते. त्या भिक्षूला वंदन करावे, ते त्याच्या निर्वैर वृत्तीला. ज्वाळेची स्तुती मात्र करू नये. तुमच्या वाट्याला अन्याय आला, तर त्याविरुद्ध बोलण्यासाठी तुम्ही जिवंत असणे मला अधिक मोलाचे वाटते. धर्मसमानतेची ती मागणी कोणीतरी जगून पुढे न्यावीच लागते.