बाक निसर्गाचा की यंत्राचा?



मी कलाशाखेचा पदवीधर. भौतिकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. तथापि, मोजणाऱ्याने प्रथम आपले माप पारखावे, हे तत्त्व सर्वांनाच लागू आहे. त्याचेच एक उदाहरण आज आपणांसमोर ठेवतो.

काही अणूंच्या केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. यास बीटा-ऱ्हास म्हणतात. इलेक्ट्रॉनसमवेत न्यूट्रिनो जातीचा एक कणही निघून जातो व ऊर्जा दोघांत वाटली जाते. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख सलग वक्ररेषेचा येतो. ज्ञात तीन प्रकारांखेरीज एखादा जड, पदार्थाशी जवळजवळ संबंधच न ठेवणारा ‘निष्क्रिय’ न्यूट्रिनो असेल, तर त्या रेषेत बारीकसा बाक दिसेल. असा कण सापडल्यास विश्वातील अदृश्य द्रव्याचे कोडे कदाचित उलगडेल.

१९८५ साली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे जॉन सिम्पसन यांना असा बाक दिसला. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, त्यांनी सिलिकॉनच्या शोधकातच रुजविला होता. कणाचे वस्तुमान १७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठरले. काही प्रयोगशाळांनी दुजोरा दिला, तर काहींना बाक आढळलाच नाही. वाद अनेक वर्षे चालला.

१९९३ साली अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेने आधी आपल्या यंत्राचीच परीक्षा घेतली. किरणोत्सर्गी गंधकात मुद्दाम थोडा किरणोत्सर्गी कार्बन मिसळून कृत्रिम बाक निर्माण केला. यंत्राने तो ओळखला. निव्वळ गंधकाच्या आलेखात मात्र बाक नव्हता. दुजोरा देणाऱ्या काही प्रयोगांत इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्याचा हिशेब अपुरा राहिल्याचेही उघड झाले. १७ हजारांचा कण नाहीसा झाला, शिकवण उरली.

त्याच शिकवणीवर जर्मनीतील कार्ल्सरूह येथील ‘कॅट्रिन’ प्रयोगासाठी ‘ट्रिस्टन’ हा नवा शोधक विकसित करण्यात आला. हजाराहून अधिक सिलिकॉन-घटकांनी सेकंदाला कोट्यवधी इलेक्ट्रॉन मोजावेत, आणि दहा लाखांत एक इतका सूक्ष्म अंशही निसटू नये, हे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणूनच प्रत्येक घटकाचा प्रतिसाद, पृष्ठभागावरून परत उसळणारे इलेक्ट्रॉन, विद्युत-मंडलातील गोंगाट, या साऱ्यांची कसून तपासणी करावी लागते.

कण सापडेल अथवा न सापडेल. परंतु पारखलेल्या यंत्राचे ‘नाही’ हेदेखील ज्ञानच होय. न पारखलेल्या यंत्राचे ‘आहे’ मात्र केवळ वार्ता ठरते.