हृदयाचा ठाव

काशीच्या ब्रह्माघाटावर मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. गंगास्नान आटोपून घाटाच्या उभ्या पायऱ्या चढताना एखाद्या आजीबाईंना धाप लागते आणि घरची मंडळी म्हणतात, 'वयच झाले!' परंतु धाप नेहमीच वयाची नसते; कधी ती हृदयाच्या झडपेची असते.

छाती न उघडता ही झडप पाहावी कशी? १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर व पदार्थविज्ञानवेत्ते हेलमुट हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधणारे यंत्र माणसाच्या छातीवर ठेवून हा प्रश्न सोडविण्यास आरंभ केला. नावाडी बांबूने पाण्याचा ठाव घेतो. हे यंत्र ध्वनीने घेते. सेकंदाला २० लाखांहून अधिक कंपनांचा, कानास ऐकू न येणारा ध्वनी हृदयावर आदळून परततो आणि आज त्या प्रतिध्वनींतून पडद्यावर हलते चित्र उमटते.

रुग्णालयात यालाच 'इको' म्हणतात. अंथरुणावरून हलविता न येणाऱ्या रुग्णाच्या उशाशीही हे यंत्र नेता येते. डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला किती रक्त लोटतो, हृदयाभोवती पाणी साचले आहे काय, हे त्यावरून कळते. निरोगी महाधमनीच्या झडपेचे तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. ते १ च्या आत आकसले, की दुखणे गंभीर समजतात. मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा हे चित्र सरळ दाखवीत नाही. तेथे अन्य तपासण्या लागतात.

झडपेवर आज उपचार आहेत. म्हणून पायऱ्यांवरची धाप वयाच्या खाती मांडण्यापूर्वी हृदयाचा ठाव एकदा घेतलेला बरा.