ग्रब कुठे टाकू? एका चुकलेल्या टिकची गोष्ट

आज एक कबुली देतो.

घरचा जुना डेस्कटॉप. त्यात दोन डिस्क: एक जुनी हार्ड डिस्क आणि नंतर बसवलेली एसएसडी. लिनक्स एसएसडीवर. रात्री अकराला मी अपग्रेड सुरू केलं. बहिणीचा प्रोजेक्ट त्याच मशीनवर होता आणि सकाळी सबमिशन. हो, तेव्हाच सुचलं मला!

मध्येच स्क्रीनवर प्रश्न आला: ग्रब कोणत्या डिस्कवर टाकू? ग्रब म्हणजे बूटलोडर, मशीन चालू झाल्यावर सिस्टीमला उठवणारा प्रोग्रॅम. मी विचार केला, सिस्टीम एसएसडीवर आहे ना, मग तिथेच टिक. रीस्टार्ट केलं आणि काळी स्क्रीन. त्यावर फक्त ‘ग्रब रेस्क्यू’. मागून आवाज आला, "दादा, काय केलंस?"

झालं काय होतं? आमच्या मशीनचं बायोस आधी जुनी हार्ड डिस्क वाचत होतं. तिच्यावर जुनाच ग्रब बसलेला. तो एसएसडीवरचे नवे मॉड्यूल उचलायला गेला आणि दोघांचं जमेना. म्हणजे फायली सगळ्या शाबूत, फक्त दारावरचा वॉचमन जुना!

बूट मेन्यू उघडून एसएसडी निवडली, आणि मशीन सुरळीत चालू झालं. सबमिशन वाचलं. मीही वाचलो.

तर प्रश्न ‘माझी सिस्टीम कुठे आहे?’ हा नाहीच. प्रश्न आहे, ‘मशीन आधी कोणती डिस्क वाचतं?’

आता लक्षात ठेवायच्या गोष्टी. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये पूर्ण डिस्क निवडा, म्हणजे ‘एसडीए’. ‘एसडीए १’ हे पार्टिशन झालं, ते नको. कारण बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. त्यात बूट कोडला जागा फक्त ४४६ बाइट, म्हणून ग्रबचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसतो.

कोणती डिस्क आधी वाचली जाते ते कळत नसेल, तर दोन्हींवर टिक करा. डेबियनचा स्क्रीनवरचा सल्लाही असाच आहे. पण दुसऱ्या डिस्कवर वेगळी सिस्टीम स्वतःच्या बूटलोडरने चालत असेल, तर तिला हात लावू नका. टिक स्पेसने होते. नुसतं एंटर मारलं तर काहीच निवडलं जात नाही.

नवीन मशीन यूईएफआयवर असेल तर ही भानगड बहुतेक येत नाही. तिथे बूटलोडर फाइल बनून ईएफआय पार्टिशनमध्ये राहतो.

आणि अपग्रेडआधी तीन कामं: बॅकअप घ्या, जास्तीचे पेन ड्राइव्ह काढा, ‘एलएसबीएलके’ कमांड चालवून डिस्कच्या यादीचा फोनवर फोटो काढा. मशीन बंद पडलं तरी फोन हातात असतो.

आणि हो, सबमिशनच्या आदल्या रात्री अपग्रेड? अजिबात नाही. भेटू पुढच्या भागात!