शजऱ्यात आजी कुठे आहे?



कोकणातल्या बऱ्याच मुस्लिम घरांत एक शजरा जपून ठेवलेला असतो. शजरा म्हणजे वंशावळ. वर तो अरबस्तानात सुरू होतो आणि खाली अब्बांपर्यंत येतो. बहुतेक शजऱ्यांत एकाही बाईचं नाव नसतं. मी डेटाबेसवर काम करतो. अर्धे रकाने रिकामे असलेल्या तक्त्याला आमच्याकडे कुणी पूर्ण म्हणत नाही.

अरबांशी आपलं नातं खोटं नाही. अल-मसूदी हा प्रवासी इ.स. 916 च्या सुमारास चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुस्लिम राहतात, असं त्याने लिहून ठेवलंय. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक त्यांत होतेच. पण हिंदुस्थानातच जन्मलेल्या मुस्लिमांसाठी 'बयासिरा' असा वेगळा शब्दही त्याने नोंदवला. या मुलांच्या आया कोण होत्या? बहुतेक जणी इथल्याच असणार. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीही आपलं अर्धं आजोळ कोकणातच होतं, आणि शजऱ्यातून गळालं ते हेच अर्धं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून केपटाऊनला गेलेल्यांची पणतवंडं आज आपलं कोकणातलं गाव शोधत येतात. आपण मात्र मुंब्र्यात बसून बगदादची तिकिटं बघतो! जरूर जा. पण आधी नानीच्या माहेरी जाऊन या.

तिथे काय सापडेल? जमातीकडे निकाहची जुनी नोंदवही असेल तर नवरीचं आणि तिच्या वडिलांचं नाव मिळतं. सगळ्यात कामाचा कागद मात्र फेरफार. खातेदार वारला की वारसांची नोंद होते, आणि शजऱ्यात नसलेल्या मुली इथे नावानिशी भेटतात. पुढे दोन-चार नोंदी वाचल्या की अनेकदा त्याच नावांपुढे 'हक्क सोडला' असं दिसतं. कुराणाने मुलीला हिस्सा दिलाय, हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. आपल्या घरात तो कुणाला मिळाला, हे फेरफार सांगतो. तो वाचल्यावर घरात दोन दिवस कुणी नीट बोलणार नाही, याचीही तयारी ठेवा.

अजून मागे जायचं असेल तर मोडी शिका. पूर्वजांचे कागद उर्दू-फारसीतच असतील असं समजून जाऊ नका. जमिनीचे जुने व्यवहार बहुधा मोडीत, म्हणजे मराठीतच आहेत. मोडीचे वर्ग चालतात, आणि काही आठवड्यांच्या सरावात सोपा कागद लागायला लागतो.

तहसीलच्या अभिलेख कक्षात जाण्याआधी घरच्या सातबाऱ्यावरचा नंबर आणि मिळाला तर जुना सर्व्हे नंबरही उतरवून घ्या. जुन्या नोंदी जुन्या नंबरानेच सापडतात. आणि निघण्याआधी आजीला तिच्या आईचं आणि त्या आईच्या आईचं नाव विचारा. ते बहुधा कुठल्याच दप्तरात नसेल.