हातांचा व्यवसायोपचार



आपला बालाघाट जिल्हा हातावर पोट असलेल्यांचा. चिखलात वाकून धानाची रोवणी करणारे हात, तेंदूच्या पानात तंबाखू वळणारे हात, वारासिवनीच्या मागावरचे हात, भरवेलीच्या मँगनीज खाणीतले हात. यांपैकी एखादा मनगटातून निकामी झाला, म्हणजे त्या घरची चूल अडते. म्हणून आज या विषयावर बोलावयाचे मी ठरविले.

व्यवसायोपचार हे नाव थोडे फसवे आहे. रोग्याला धंदा शिकवावयाचा, असे ऐकणाऱ्यास वाटते. परंतु घास घेणे, वेणी घालणे, कणीक मळणे, ज्या क्रियांनी माणसाचा दिवस भरतो त्या सर्वांना येथे व्यवसाय म्हटले आहे. त्याच क्रिया औषधाच्या मात्रेप्रमाणे बेताबेताने वाढवीत द्यावयाच्या. हे शास्त्र आपल्या देशात रुजविले कमला निंबकर यांनी. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी पहिले विद्यालय काढले. १९५८ साली दुसरे आपल्या जवळच्या नागपुरास निघाले.

वृद्ध माणूस तळहातावर पडला की मनगट मोडते. हाड सांधते, पण प्लास्टर असताना बोटेही भीतीने हलविली जात नाहीत आणि ती आखडतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर मोकळी बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत. रात्री अंगठा व पहिली दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील मज्जातंतू दाबला जात असण्याचा संभव असतो. झोपताना मनगट सरळ धरणारी पट्टी बांधल्याने पुष्कळांना आराम पडतो. दुखणाऱ्या हातासाठी विळ्याच्या मुठीवर चिंधी गुंडाळून ती जाड करणे हाही उपचारच होय.

आता कुष्ठरोगाविषयी. १९४८ साली वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया आरंभिली. बोटे रोगाने आपोआप झडतात, हा समज त्यांनी खोडून काढला. तंतू मेल्याने चटका कळत नाही, काप कळत नाही. जखम चिघळत जाते व बोट जाते. पापाचे फळ वगैरे बोलणाऱ्यांनी हे नीट ऐकावे. १९८२ पासून प्रचारात आलेल्या संयुक्त औषधांनी रोग पुरता बरा होतो. गेलेली संवेदना मात्र बहुधा परतत नाही. तेव्हा डोळ्यांनी संवेदनेचे काम करावयाचे. रोज सायंकाळी हात उजेडात तपासावे, पाण्यात भिजवून तेल लावावे, तापलेले भांडे फडक्याने धरावे.

आपल्या पंगतीत वाढण्यासाठी लांब लाकडी मुठीचे चार-दोन पळे करवून घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. बरे झालेले जे गृहस्थ आज मागच्या ओळीत हात पदराआड, शालीआड झाकून बसतात, त्यांना येत्या उत्सवात वाढावयास बोलवावे.