रस्ता कुणाच्या दारातून?



साहित्याच्या व्यासपीठावर रस्त्याचा विषय कशाला, असे काहींना वाटत असेल. ज्या गल्लीत पोराला एकटे सोडायला आईचा जीव धजत नाही, तिथून ते पोर वाचनालयापर्यंत पोचणार कसे, याचे उत्तर आधी त्यांनी द्यावे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्री गावाला वाहनांचे वावडे नाही. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की गारगोटी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रात्रंदिवस धावतात. धूळ उडते, झोपमोड होते, रस्ता ओलांडताना म्हातारी माणसे ताटकळतात. तरी माणसे सोसतात, कारण तो ऊस त्यांच्या शिवारातला असतो आणि बिलही त्यांच्याच खात्यावर जमा होते. नागपूरहून गोव्याला निघालेल्या मोटारीचा या गावाशी संबंध काय?

आणि त्याच मोटारीसाठी शक्तिपीठ महामार्ग आखला गेला. मूळ आराखड्यात वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे 802 किलोमीटर, 12 जिल्हे, खर्च 86 हजार कोटींच्या घरात. अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल, असे सरकार सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात मूळ आखणी शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड आणि आजरा या तालुक्यांतून गेली. रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना हा दुसरा कशासाठी, या शेतकऱ्यांच्या प्रश्नाचे पटेल असे उत्तर मिळालेले नाही.

जमिनीबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते रास्तच आहे. गावठाणाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. अशा द्रुतगती मार्गावर वाटेल तिथून चढता-उतरता येत नाही; त्यासाठी ठरावीक इंटरचेंज असतात. इंटरचेंज जिथे होईल तिथे आसपासच्या तालुक्यांची अवजड वाहने गोळा होणार, आणि त्यांना तिथवर नेणारी जवळची वाट शाळेपुढून, दूध डेअरीसमोरून, लोकांच्या उंबऱ्याला लागून जाणार. महामार्गाला कुंपण मिळते, गल्लीला मिळत नाही. शिवाय बांधकामाची वर्षे वेगळीच. समृद्धी महामार्गाच्या कामात मुरूम-खडीच्या डंपरांनी गावरस्त्यांची चाळण झाल्याच्या तक्रारी गावोगावी झाल्या होत्या.

हा परिणाम आधी मोजायला नको का? 2013 च्या भूसंपादन कायद्याने त्यासाठी सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला होता. महाराष्ट्राने 2018 मध्ये त्यात 105-अ हे कलम घातले आणि राज्याच्या महामार्ग कायद्याखालचे भूसंपादन त्यातून वगळले. थोडक्यात, ज्याच्या दारातून वाहने जाणार त्याला विचारण्याची सक्तीच काढून टाकली. हा उघड अन्याय आहे.

आणि धोका खोटा नाही: 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसे मेली. त्यांतले 32 हजारांहून अधिक पायी चालणारे होते.

हे बदलता येते. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यावर चारशेहून अधिक मुले दगावली. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे हे खून थांबवा म्हणाले, आणि 1976 मध्ये तिथल्या कायद्याने वस्तीतला रस्ता आधी राहणाऱ्यांचा, मग वाहनांचा, हे मान्य केले. वाहनाला तिथे चालत्या माणसाच्या वेगाने जावे लागते. श्रीमंत देशालाही हे मागितल्याशिवाय मिळाले नाही.

कोल्हापूरला मागता येते. शहरातल्या 49 किलोमीटर रस्त्यांवर टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसे पुढे झाली, सगळ्या पक्षांचे लोक मागे उभे राहिले आणि डिसेंबर 2015 मध्ये सरकारला टोल रद्द करण्याची घोषणा करावी लागली. शक्तिपीठाचेही तेच. लोकसभा निवडणुकीनंतर, ऑक्टोबर 2024 मध्ये, कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने या महामार्गासाठी 20 हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. लगेच 1 जुलैला, कृषी दिनी, शेतकऱ्यांनी पंचगंगेच्या पुलावर पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला.

मागे घेतलेली अधिसूचना परत येऊ शकते, हे त्या वर्षाने दाखवले. म्हणून लेखकांनी सभागृहात टाळ्या घेऊन घरी जाऊ नये. येत्या ग्रामसभेला बायाबापड्यांसह हजर राहा, इंटरचेंज आणि त्याच्या जोडरस्त्यांचा नकाशा मागा, आणि गावठाणातून परकी अवजड वाहतूक जाऊ देणार नाही असा ठराव लेखी करून घ्या. ठरावाचा मसुदा लिहायला हात लागतील. ते या मांडवातूनच पुढे यावेत.